डोंगरावरची पाचवी

४ नोव्हेंबर

ठकू,

तुझं पत्र मंगळवारच्या गाडीनं आलं. गाडीवाला खालूनच ओरडला, "मास्तर, शहरातलं जाड पाकीट आहे, लग्नपत्रिका दिसतेय!" मी धावत उतरलो. उघडून बघतो तर लग्नाऐवजी संशोधन निघालं. हे तुझ्या आईला सांगू नकोस, नाहीतर ती दोन्हींवरून मला ऐकवत बसेल.

तुमची संस्था दुर्गम भागातल्या आदिवासी मुलांच्या शाळा तपासणार आणि त्यात माझी शाळा आली, याला मी तरी देवाची कृपा म्हणतो. इथे काय अडलंय ते सांगतो. आमची शाळा चौथीपर्यंत. पुढे मुलांना खाली नदीकाठच्या वसतिगृहात पाठवतात. दहा वर्षांचं पोर, आई जवळ नाही, आपली बोली कुणी बोलत नाही. निम्मी मुलं दोन-तीन महिन्यांत पळून येतात आणि मग कुठल्याच शाळेत बसत नाहीत. इथेच पाचवी द्या म्हणून मी खात्याच्या मागे लागून थकलो. आता खातं म्हणतं, संस्थेचा अहवाल येऊ दे. मुलं तयार निघाली तर पाचवी देऊ, नाहीतर ही शाळाच बंद करून पहिलीपासून सगळ्यांना खाली नेऊ.

मला काळजी नाही. मुलं इतकी बोलकी आहेत की मीच कानात बोटं घालतो. काल खिडकीची चौकट कुजून निखळली. कुठल्या झाडाचं लाकूड पावसात टिकेल, असं मी सहज विचारलं, तर सगळा तास त्यात गेला. चौथीतली एक मुलगी आहे, तिला मी वकीलीणबाई म्हणतो. ती सगळ्यांची म्हणणी खोडून काढते आणि शेवटी निकालही स्वतःच देते. ती एकदा तुझ्यासमोर बसू दे, तुझी संस्था गार पडेल.

येताना जाड कपडे आण.

मामा

१२ नोव्हेंबर

मामा,

आधी एक अप्रिय गोष्ट सांगते. तू माझा मामा आहेस हे मी आमच्या प्राध्यापकांना सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "मग तुमच्या मामांना म्हणावं, तपासणीच्या वेळी शाळेच्या आसपास फिरकू नका." तेव्हा मी मुलांना एकेक करून खोलीत घेईन आणि तू तेवढा वेळ कुठेतरी लांब जाऊन बसायचं. खिडकीतून डोकावायचं नाही. मी तुला ओळखते.

प्रश्न त्यांच्याच बोलीत विचारणार आहे. सोबतचा कागद बघून उच्चार लिहून पाठव, मी पाठ करते. सोपे आहेत, चित्र दाखवून ओळखायला सांगणं, छोट्या बेरजा, एक गोष्ट ऐकवून तिच्यावर प्रश्न. मुलं घाबरू नयेत म्हणून चित्रंही ओळखीचीच निवडलीत, शेळी, घागर, चूल, पूल.

तुझी ठकू

ता. क. मी तुझी ताई लिहितेय. पोरगी तिकडे येतेय तर तिला वेळेवर जेवू घाल, नुसता उपदेश पाजू नकोस. आणि तुझा तो मफलर धुतोस का रे कधी?

२९ नोव्हेंबर

मामा,

सुखरूप पोचले. तुझ्याकडची हवा, ती झोप, सकाळचं धुकं, सगळं अजून अंगात आहे. तुझी घोंगडी टोचते पण ऊब फार देते. आईला मध आवडला. मफलर मी धुऊन आले हेही तिला सांगितलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्या नोकरीचं कौतुक केलं. उतरताना वकीलीणबाई पुलापर्यंत सोडायला आली होती, वाटभर माझा हात धरून. गोड मुलगी आहे.

इथे कामाचा ढीग आहे. सवडीनं लिहीन.

ठकू

७ डिसेंबर

ठकू,

तू घोंगडीवर लिहिलंस, मधावर लिहिलंस, माझ्या मफलरवरही लिहिलंस. ज्यासाठी आली होतीस त्यावर अक्षर नाही. मी खेड्यातल्या शाळेत शिकलो असलो तरी कोरी जागा वाचता येते मला.

काय ते सांग. तू लहानपणी काचेचं भांडं फोडलंस की अशीच फुलापानांच्या गोष्टी करायचीस.

मामा

१४ डिसेंबर

मामा,

बरं, सांगते. मुलं बोललीच नाहीत.

एकदोन नाहीत, जवळजवळ सगळी. मी शेळीचं चित्र धरलं, "हे काय?" म्हटलं. मूल चित्राकडे बघतं, माझ्याकडे बघतं आणि मान खाली घालतं. पाच आणि तीन किती, तरी मान खाली. मी उच्चार चुकले असेन म्हणून तुझ्या चौथीतल्या मोठ्या मुलाला विचारलं, मी काय म्हणाले ते कळलं का? त्यानं मान डोलावली. म्हणजे कळत होतं. वकीलीणबाईनं तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं आणि गप्प बसून राहिली. मला रडू यायचं बाकी होतं.

तू इतकं कौतुक केलं होतंस, म्हणून तिथे तुला सांगवेना. मला वाटलं, मामाला मुलांचा लळा आहे, लळ्यात माणसाला जास्त दिसतं. राग मानू नकोस. पण माझ्याकडे जे कागद आहेत त्यावर सगळीकडे "उत्तर नाही" एवढंच आहे. महिन्याभरात अहवाल द्यायचाय. शाळा बंद होईल असं लिहायला माझा हात धजत नाही आणि खोटं लिहायला त्याहून नाही.

ठकू

२१ डिसेंबर

ठकू,

राग नाही. मंगळवारी पत्र वाचलं आणि दोन दिवस तेच परत परत वाचत राहिलो, एवढंच. सकाळी डोळे मिटून बसलो तरी मन देवाच्या नामाऐवजी तुझ्या त्या कागदांवर जात होतं.

अहवाल बदल असं मी म्हणणार नाही. तसं म्हणालो तर तू माझी भाची कसली आणि मी मास्तर कसला! पण ही तीच मुलं आहेत, हे मला पटेना. तू गेल्यावर चारच दिवसांनी पाण्याची टाकी गळायला लागली. गळती कुठे आहे ते मला सापडेना, म्हणून पोरांना विचारलं. त्यांनी राखेचं पाणी ओतून भेग शोधून दिली, वर कशानं बुजवायची यावर मलाच भाषण. परवा वरच्या वस्तीवर जायचं होतं. कुठल्या वाटेनं किती वेळ लागेल विचारलं, तर वकीलीणबाईनं तीन वाटा मातीत काढून दाखवल्या आणि म्हणाली, "गुरुजी, तुमच्या चालीनं तिसरी नकोच. अंधार होईल, मग आम्हालाच शोधायला यावं लागेल." गेल्या महिन्यात ढगांचा रंग बघून मी विचारलं होतं, आज कपडे वाळतील का? त्यावर अर्धा वर्ग हो म्हणाला, अर्धा नाही, आणि दोन्ही बाजूंनी कारणं दिली.

मला वाटतं तुझ्या बंद खोलीला भ्याली असतील. किंवा त्या निळ्या कोटाला. कोट आहेच जरा पोलिसासारखा.

मामा

३ जानेवारी

मामा,

कोटाचा काही दोष नाही. मला काहीतरी सापडलंय असं वाटतं.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवत होते. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "याला अजून काही म्हणजे काही येत नाही! लाकूड कुठलं, वाट कुठली, कपडे वाळतील का, सगळं त्या पोरांनाच विचारतो." आम्ही दोघी हसलो आणि मग मी हसायची थांबले. मामा, तू मुलांना जे जे विचारतोस ते तुला खरंच माहीत नसतं. आणि मी विचारलेला एकही प्रश्न असा नव्हता, ज्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. हातात शेळीचं चित्र धरून मी विचारत होते, हे काय?

म्हणून एक कर. उद्या वर्गात अशी एखादी गोष्ट विचार, जी तुलाही माहीत आहे आणि तुला माहीत आहे हे मुलांनाही ठाऊक आहे. काय होतं ते मला लिही. आधी कुणाला सांगू नकोस.

आणि हेही सांग, गणित शिकवताना तू विचारतोस कसं?

ठकू

१० जानेवारी

ठकू,

तू सांगितलंस तसं केलं. कोपऱ्यातला झाडू उचलला, वर्गापुढे धरला आणि चौथीला विचारलं, "हे काय आहे?"

सगळा वर्ग चिडीचूप. पहिलीतलं एक पोर हसायला लागलं, तर त्याच्या बहिणीनं त्याला चिमटा काढला. मी परत विचारलं. वकीलीणबाई उठली, भांडं भरून पाणी आणलं, माझ्या हातात दिलं, झाडू काढून घेतला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बसा गुरुजी. रात्री झोप लागली नाही का?"

मी बसलो. काय करणार!

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेलो आणि तिच्या आईला सगळं सांगितलं. ती पोट धरधरून हसली. मग म्हणाली, आमच्यात माहीत असलेलं कुणी विचारत नाही. विचारलंच, तर तो माणूस एकतर थट्टा करतो किंवा त्याचं वय झालंय. थट्टा असेल तर हसायचं. वय झालं असेल तर मान खाली घालायची, म्हणजे चारचौघांत त्याची फजिती होत नाही. तुझ्याबद्दल मुलगी घरी येऊन काय म्हणाली ठाऊक आहे? "शहरातली बाई चांगली आहे ग आई, पण बिचारीला शेळीसुद्धा आठवत नाही. एवढी तरुण आणि एवढ्यात!" म्हणून ती तुला पुलापर्यंत सोडायला आली होती. तू वाट विसरशील अशी तिला भीती होती.

गणिताचं विचारलंस. मी नवीन आलो तेव्हा फळ्यासमोर उभं करून विचारायचो. मुलं गप्प. मी कंटाळलो आणि विचारणं सोडूनच दिलं. करून दाखवायचं आणि मग काहीतरी खरंखुरं मोजायला लावायचं, असं चालू झालं. हे कधी झालं आणि का झालं, मला आठवतही नाही. इतकी वर्षं मी त्यांना शिकवतोय अशा समजुतीत होतो. त्यांनीच मला वळण लावलं की.

मामा

२५ जानेवारी

मामा,

पाण्याच्या भांड्याचा मजकूर मी संस्थेत मोठ्यानं वाचला. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पण या वेळी डोळे पुसायला. तरी माणूस पक्का. म्हणाले, "गोष्ट छान आहे. पण मामाच्या शाळेला दुसरी संधी म्हणजे लोक काय म्हणतील? आणि ते लोक बरोबर म्हणतील."

बरंच भांडल्यावर असं ठरलं. अहवालाला मुदत वाढवून घेतलीय. नवी तपासणी तुझ्याकडे आणि त्या डोंगरातल्या आणखी दोन शाळांत होईल आणि तुझ्याकडे मी येणार नाही. आमच्याकडचा एक सहकारी येईल. त्याला आम्ही गणिती म्हणतो. हुशार आहे, पण हवापाणी, झाडपाला यातलं त्याला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे खरे प्रश्न त्याला शोधावे लागणार नाहीत. त्याला भाताचं तपेलं मोठं लागतं, तेवढं बघ.

तू या वेळीसुद्धा लांबच बसायचंस.

ठकू

१८ फेब्रुवारी

ठकू,

तुझा गणिती आला आणि गेला. मी कबूल केल्याप्रमाणे लांब बसलो होतो, पण आवाज तिथपर्यंत येत होता, त्याला माझा इलाज नाही.

त्यानं मुलांना सांगितलं, ही टाकी भरायला किती घागरी लागतात ते मला काढायचंय आणि मला जमत नाहीये. टाकीत आजवर कुणी घागरी मोजल्याच नव्हत्या. मुलं त्याच्यावर तुटून पडली. कुणी दोरीनं मापं घेतली, कुणी घागर बादलीत ओतून बघितली. त्यानं स्वतः काहीतरी उत्तर काढलं, तर वकीलीणबाई म्हणाली, "टाकी वर रुंद आहे, खाली अरुंद. तुम्ही दोन्हीकडे सारखीच धरलीत." तो तिथेच मातीत बसला आणि परत गणित करायला लागला. संध्याकाळी मला म्हणाला, "मास्तर, मी इथे परीक्षा घ्यायला आलो होतो की द्यायला?"

मग त्यानं त्यांना लिहायला सांगितलं, पुलापासून शाळेपर्यंतची वाट, अनोळखी माणसाला कळेल अशी. तेव्हा मात्र आवाज बंद झाला. तो कागद काय सांगतो ते मला माहीत नाही. त्यानं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण जाताना तो माझ्याकडे जरा जास्तच प्रेमानं बघत होता आणि मला ते आवडलं नाही.

तपेलं धुऊन ठेवलंय. एवढं जेवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. गुणी आहे हो पण. त्याचं लग्न झालंय का, असं तुझी आई मला विचारायला लावेल, म्हणून मी आधीच विचारून घेतलं. नाही झालेलं.

मामा

२१ मार्च

मामा,

गणितीच्या विषयात तू आणि आई पडू नका. त्याच्या डब्यातली भाजी मी खाते, एवढंच आमचं आहे.

आता अहवाल. काल पाठवला. तिन्ही शाळांत तेच दिसलं. खरा प्रश्न असेल तर मुलं बोलतात, मोजतात, कारणं देतात, खालच्या शाळेतल्या त्यांच्या वयाच्या मुलांपेक्षा कमी तर नाहीतच. हे आम्ही ठासून लिहिलंय. बाहेरून आलेल्या माणसानं या मुलांची परीक्षा कशी घ्यावी, यावर वेगळं प्रकरण केलंय. पहिल्या फेरीतली माझी चूक त्यात आहे, शेळीसकट.

पण तुझ्या शाळेचं लिखाण कच्चं आहे. वाट तोंडानं अशी सांगतात की डोळ्यांपुढे उभी राहते आणि कागदावर दोन ओळींत थांबतात. बाकीच्या दोन शाळांची मुलं लिहिण्यात बरी निघाली. हेही लिहिलंय, मामा. लिहिताना हात थांबला होता.

यामुळे निकाल फिरला तर तो माझ्यामुळे फिरेल. तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय.

ठकू

२८ मार्च

ठकू,

लिहिलंस ते खरं आहे. इथे मुलं कुणाला लिहिणार? सगळी माणसं हाकेच्या अंतरावर. मलाही त्यांचं बोलणं ऐकायची एवढी गोडी लागली की वह्या मागे पडल्या. आता रोज एकेकजण दुसऱ्या दोन शाळांतल्या मुलांना चिठ्ठी लिहितो आणि मंगळवारच्या गाडीवाल्याकडे देतो. तिकडे काय चाललंय ते आम्हाला खरंच ठाऊक नसतं. गाडीवाला कुरकुरतो, पण नेतो.

निकाल काय लागायचा तो लागो. तू सरळ लिहिलंस, याचं मला जे वाटतं ते लिहिता येत नाही. ताईला सांग, पोरगी चांगली वाढवलीस.

वसतिगृहाची गाडी बावीस एप्रिलला यायची आहे. तोवर खात्याचं काही आलं नाही, तर चौथीची मुलं जातील.

मामा

२२ एप्रिल

ठकू,

आज काय झालं ते आजच लिहितो.

खात्याचा माणूस वसतिगृहाच्या गाडीतूनच आला. मला वाटलं मुलांना न्यायलाच आलाय. पुलाजवळ चौथीची पाचही मुलं उभी होती, नवे कपडे घालून, केसांना तेल लावून. आया अंथरुणाच्या वळकट्या घेऊन बाजूला. तो उतरला, घाम पुसला आणि म्हणाला, "मास्तर, पाचवी मंजूर आहे. दोन वर्षांसाठी. लिखाण सुधारलं तर पुढे चालू, असा शेरा आहे." मग गाडीवाल्याला म्हणाला, "वळव, रिकामीच न्यायची आहे."

मी ते बोलीत सगळ्यांना सांगितलं. टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. या लोकांची रीतच तशी. वकीलीणबाईच्या आईनं मला फक्त विचारलं, "नक्की?" मी नक्की म्हणालो. ती तिथेच वाटेवर बसली आणि वळकटीची दोरी सोडायला लागली. घरी जाईपर्यंत थांबवेना तिला. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवली. घोंगडी पसरली, झटकली आणि नुसती खांद्यावर घेतली.

माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी नदीकडे बघत मनातल्या मनात देवाचं नाव घेत उभा होतो. तेवढ्यात कुणीतरी माझा मफलर ओढला. वकीलीणबाई होती. मला वाटलं, आता ही काहीतरी छान बोलणार. डोळे लाल, तोंड रागानं फुगलेलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"गुरुजी, मग मी रोज गोठ्यामागे जाऊन रडले, ते सगळं फुकटच गेलं का?"

मामा